धूर, विस्तव आणि ‘कशावरून?’

डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथं विस्तव असणार. एवढ्याशा वाक्यावर आपल्याकडच्या पंडितांनी हजारभर वर्षं काथ्याकूट केला. ‘तत्त्वज्ञान म्हणजे काय?’ असं विचाराल, तर त्याची व्याख्या मी आज करत बसणार नाही. व्याख्येवर आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांत एकमत झालं, तर त्याच दिवशी हा विषय बंद पडेल. त्यापेक्षा हा धूरच जरा जवळून बघू.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, म्हणतो, चुलीत धूर दिसतो तिथं विस्तव असतो. तळ्यात विस्तव नाही, तिथं धूरही नाही. म्हणून जिथं जिथं धूर, तिथं तिथं विस्तव. या न चुकणाऱ्या साहचर्याला तो व्याप्ती म्हणतो. आता वाक्य उलटं करा : जिथं विस्तव, तिथं धूर. चालेल? नाही चालणार. तापून लालबुंद झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव आहे, पण धूर नाही. धूर येतो सरपण ओलं असलं तर. म्हणजे मध्ये एक तिसरीच गोष्ट लपून बसली होती. तिला उपाधी म्हणतात.

जुनं पांडित्य वाटतंय? मग मोबाइल उघडा. ‘अमुक काढा घेतला आणि चार दिवसांत ताप उतरला.’ साधा ताप बहुधा काढ्यावाचूनही तेवढ्यात उतरतो. ‘अमक्या क्लासची मुलं बोर्डात झळकतात.’ पण त्या क्लासनं प्रवेश देतानाच हुशार मुलं वेचून घेतली असतील तर? दोन्हीकडे ओलं सरपण आहे, आणि ते न बघता आपण फी भरून मोकळे होतो.

इथवर सगळं सोपं होतं. पण मग प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणारा चार्वाक उठतो आणि विचारतो, जिथं जिथं धूर म्हणता, ते ‘जिथं जिथं’ तुम्ही पाहिलंय का? उद्याचा धूर, परमुलखातला धूर? प्रत्यक्षानं तर व्याप्ती कळणार नाही. अनुमानानं कळते म्हणाल, तर त्या अनुमानाला पुन्हा दुसरी व्याप्ती लागेल. झाली पंचाईत! (चार्वाकांचे ग्रंथ बहुतेक बुडाले. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः विरोधकांच्या पोथ्यांतून. ज्याला खोडायचं त्याचा पूर्वपक्ष आधी मांडायचा, ही शिस्त होती म्हणून आलं. टीव्हीवरच्या चर्चा बघताना मला याची फार आठवण होते.)

दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त चार्वाकाला त्याच्याच शब्दांत पकडलं. तू शंका घेतोस ती न पाहिलेल्या देशकालाबद्दल. पण तो देशकाल आहे हे तुला कशावरून कळलं? अनुमानावरूनच ना? शिवाय शंकेलाही हद्द असते. जिथं तुझी कृतीच तुझी शंका खोटी पाडते, तिथं शंका संपली. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षानं उदयनांचाच श्लोक घेतला, थोडे शब्द फिरवले आणि त्यांच्यावरच उलटवला. चौदाव्या शतकात गंगेश या नैयायिकांनी ही शंका पुन्हा हाती घेतली आणि शंका घेणाऱ्याला विचारलं : धूर हवा असला की तू दर वेळी विस्तवच पेटवतोस, भूक लागली की जेवायलाच बसतोस. मग तुझी शंका खरी कशी मानायची? मला स्वतःला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. आपण विश्वासानं वागतो एवढं त्यातून कळतं. तो विश्वास रास्त आहे हे अजून सिद्ध व्हायचंय. तुम्हाला पटलं असेल तर माझ्याशी भांडा. तुम्ही मला ‘कशावरून?’ विचारलंत की तुमचा अभ्यास सुरूच झाला.

पालक विचारतात, यात नोकरी आहे का? थोड्या आहेत, त्याही बहुतेक शिकवण्याच्या. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेता येतो. यापेक्षा जास्त आश्वासन मी देणार नाही. पण डॉक्टर, वकील, पत्रकार, कोणीही व्हा, पुरावा कशाला म्हणायचं हा प्रश्न तुम्हाला पडणारच, आणि तो त्या-त्या धंद्याच्या क्रमिक पुस्तकात क्वचितच सुटतो.

आपल्या खानदेशात अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था उभारली. साने गुरुजीही तिथं शिकले. तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी अज्ञान म्हणजे काय, या एकाच प्रश्नावर लिहिलं. त्यांचं पुस्तक १९३३ साली निघालं ते एका पुठ्ठ्यात तीन वेगळ्या मांडण्या घेऊन.