हेराचं प्रेम आणि गार्बोच्या घरातलं भांडण

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय. मला ती मनापासून आवडते, आणि तरी दर वेळी वाचताना एका ठरावीक जागी माझं मन अडतं. केन फॉलेट यांची १९७८ सालची 'आय ऑफ द नीडल'.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. हेन्री फेबर हा जर्मन हेर लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहतोय. एका रात्री तो वायरलेसवर संदेश पाठवत असताना घरमालकीण जवळच्या किल्लीने दार उघडून आत येते. बिचारीचा त्याच्यावर जीव जडलाय, एवढ्यासाठीच ती आलेली. पण तिने वायरलेस पाहिला. फेबर तिथल्या तिथे तिला संपवतो. अगदी सुरुवातीलाच लेखक आपल्याला बजावतो, की या माणसाला ज्याने पाहिलं, तो उरत नाही. हे लक्षात असू द्या. ज्याने पाहिलं, तो उरत नाही.

पुढे १९४४ साली फेबरच्या हाती मोठं गुपित लागतं. इंग्लंडच्या पूर्वेला अमेरिकी जनरल पॅटनची जी प्रचंड फौज जमलीय असं जर्मनांना वाटतंय, ती फौजच खोटी आहे. विमानं लाकडी, बराकी नुसत्या देखाव्याच्या. त्याचे फोटो घेऊन तो पाणबुडी गाठायला निघतो, वादळात सापडतो आणि एका एकाकी बेटावर जाऊन पडतो. तिथे ल्यूसी राहते. तिच्या नवऱ्याचे, डेव्हिडचे दोन्ही पाय लग्नाच्या दिवशीच अपघातात गेलेत. तेव्हापासून तो तिच्याशी कडूपणाने वागतो, तिला जवळ करत नाही. छोटा मुलगा, मेंढ्या, वारा, बस्स.

आता ल्यूसी या परक्या माणसाकडे ओढली जाते, हे मला पटतं. चार वर्षांचा एकटेपणा आहे तो, आणि फॉलेटनी तो नीट रचलाय. पण फेबर? घरमालकिणीला क्षणाचीही सवड न देणारा हा माणूस दोन-तीन दिवसांत इतका विरघळतो, की ऐन वेळी ल्यूसीवर त्याचा हात उठत नाही. ल्यूसीचं पटतं, फेबरचं पटत नाही. कथेला शेवट हवा होता म्हणून त्याला प्रेमात पाडलंय, असं वाटत राहतं.

आणि दुःख याचं, की त्याच खोट्या फौजेच्या खऱ्या इतिहासात एक नवरा-बायको आहेत, आणि त्यांची गोष्ट मी कितीदा सांगितली तरी माझं समाधान होत नाही.

हुआन पुहोल हा स्पेनमधल्या बार्सिलोनाचा माणूस. इंग्रजांनी त्याला 'गार्बो' हे टोपणनाव दिलं. त्याला हिटलरविरुद्ध हेरगिरी करायची होती, पण इंग्रजांनी आधी त्याला दारातूनच परत पाठवलं. मग हा पठ्ठ्या जर्मनांचा हेर झाला, आणि लिस्बनमध्ये बसून, इंग्लंडमध्ये पाऊलही न टाकता, प्रवासी पुस्तकं चाळून इंग्लंडच्या बातम्या त्यांना पाठवू लागला. ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असंही त्याने कळवलं होतं! त्याचं काम अमेरिकी अधिकाऱ्यांच्या कानावर घालण्यात त्याच्या बायकोचा, आराथेलीचा, मोठा हात होता. तेव्हा कुठे इंग्रजांनी १९४२ साली त्याला लंडनला आणलं.

आता घर बघा. नवरा दिवसभर बाहेर, सत्तावीस काल्पनिक हस्तक रचून त्यांच्या नावाने पत्रं लिहितोय. आराथेली लहान मुलांना घेऊन घरात. भाषा येत नाही, ओळखी करायच्या नाहीत, स्पॅनिश माणसाशी तर बोलायचंच नाही. आणि जेवण! मॅकरोनी फार, बटाटे फार, मासे मात्र पुरेसे नाहीत, ही तिची तक्रार इंग्रजांच्या गुप्त कागदांत नोंदलेली आहे. ती स्पेनच्या गॅलिशियाची, समुद्रकाठच्या मुलखातली. मासळीवाचून जीव कसा कासावीस होतो, हे आमच्या मालवणकडच्या माणसाला मी काय सांगावं! (माझं तर ठाम मत आहे, कादंबरीत स्वयंपाकघर आलंच पाहिजे. माणूस काय खातो हे कळल्याशिवाय तो कळत नाही.)

तिला आईला भेटायला जायचं होतं. परवानगी नाही. १९४३ च्या जूनमध्ये तिचा बांध फुटला. मला जाऊ दिलं नाहीत, तर स्पॅनिश वकिलातीत जाऊन सगळं सांगेन, असं तिने धमकावलं. म्हणजे सत्तावीस माणसांचं ते अख्खं जग एका संतापलेल्या बाईच्या ओठांवर येऊन थांबलं.

तोडगा कुणी काढला? खुद्द नवऱ्याने. तुझ्या वागण्यामुळे त्याला अटक झालीय, असं तिला सांगण्यात आलं. डोळे बांधून तिला लंडनच्या कडेला असलेल्या 'कॅम्प ०२०' या चौकशी छावणीत नेलं. समोर नवरा, कैद्याच्या कपड्यांत, दाढी वाढलेली. ती रडली. याला सोडा, मी याच्या कामात कधी आड येणार नाही, असं तिने कबूल केलं. ती घरी गेली. नवरा सुटून आला. सगळं नाटक होतं, आणि ते त्याने स्वतःच्या बायकोशी केलं.

एक वर्षाने, ६ जून १९४४ ला, दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. तीन दिवसांनी गार्बोने जर्मनांना कळवलं, की ही नुसती हूल आहे, खरा हल्ला पॅटनची ती फौज कॅले बंदराकडे करणार. त्यांनी ते मानलं. पुढे त्याच माणसाला जर्मनांनी आयर्न क्रॉस हे पदक दिलं आणि इंग्रजांनी एम.बी.ई. हा किताब. आराथेलीला मात्र काही मिळालं नाही, आणि पुढे दोघं वेगळी झाली.

श्रोतेहो, या घरात प्रेम होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तो कैद्याचा वेष घालून बसलेला नवरा मला खरा वाटतो. तो पुहोल फसवतो, आणि फसवताना त्याचं घर मोडतं. फेबरचं असं काहीच मोडत नाही. दोन-तीन दिवसांत तो मऊ होतो, त्याला किंमत मोजावी लागते ती फक्त शेवटच्या पानांत.

पुस्तक जरूर वाचा. फेबरचा पाठलाग करणारा प्राध्यापक गॉडलिमन, आगगाड्या, पाऊस, सगळं झकास आहे. हल्ली मी ते उघडते तेव्हा ल्यूसीची पानं सावकाश वाचते. डेव्हिड चाकाच्या खुर्चीत बसून तोंड फिरवतो आणि ती मुकाट्याने कामाला लागते, तिथे तर थांबतेच. फेबर तिच्या प्रेमात पडतो ती पानं मात्र भरभर उलटते.

नमस्कार.