बावीसचा चौरस: प्रा. श्रीखंडे यांचं गणित

मित्रहो, प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचं नाव निघालं की पाठोपाठ एक वाक्य येतंच, 'यांनी ऑयलरला चूक ठरवलं.' ऑयलर म्हणजे अठराव्या शतकातला थोर गणिती. वाक्य खरं आहे. पण ते कसं ठरवलं, हे सहसा कुणी सांगत नाही, आणि खरं सौंदर्य तर तिथेच आहे. म्हणून आज चरित्र थोडक्यात आटोपतो आणि गणिताकडे वळतो.

जन्म १९१७चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. शिक्षण नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात. पुढे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० साली डॉक्टरेट. १९६३ पासून १९७८ पर्यंत मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. २०२० साली, वयाच्या १०२व्या वर्षी ते गेले.

आता हा चौरस पाहा:

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक अक्षर एकदाच येतं, प्रत्येक आकडाही एकदाच. शिवाय अक्षर-आकड्याच्या नऊच्या नऊ जोड्या बरोबर एकेकदा आल्या आहेत. तीनसाठी हे जमलं. चारसाठी जमतं, पाचसाठीही जमतं. सहासाठी? सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी असे उभे करता येतात का, हा ऑयलरचा प्रश्न. त्याला ते जमेना. १७८२ साली त्याने अंदाज मांडला, की ज्या संख्येला चारने भागल्यावर दोन उरतात, म्हणजे ६, १०, १४, १८, २२ वगैरे, त्या कुठल्याच संख्येसाठी हे शक्य नाही. १९००च्या सुमारास गॅस्तों तारी या फ्रेंच गृहस्थाने एकेक शक्यता हाताने तपासून सहाचा निकाल लावला: खरंच शक्य नाही. मग बाकीच्यांबद्दल शंका घ्यायचं कारण कुणाला दिसेना.

बोस आणि श्रीखंडे यांनी बावीस ही संख्या धरली. त्यांनी हाताशी घेतलं ते १८५०चं एक जुनं कोडं, कर्कमन या इंग्रज पाद्र्याचं. पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या ओळी करून फिरायला जातात. सात दिवसांत कुठल्याही दोघी एकदाच एका ओळीत याव्यात. असं करता येतं. रोज पाच गट, सात दिवसांचे पस्तीस.

आता गंमत बघा. सोमवारच्या प्रत्येक गटात 'सोमवार' हीच चौथी सदस्य म्हणून घाला. मंगळवारच्या गटांत 'मंगळवार'. असे पस्तीस गट चारचार जणांचे झाले. शिवाय सात वारांचा स्वतःचा एक गट. एकूण सदस्य पंधरा अधिक सात, बावीस! आणि यातले कुठलेही दोन सदस्य घ्या, ते बरोबर एकाच गटात एकत्र सापडतात. पडताळून पाहा: पस्तीस गुणिले सहा म्हणजे २१० जोड्या, त्यात वारांच्या २१ मिळवल्या की २३१. बावीसातून दोन निवडण्याचे प्रकारही तितकेच.

पुढचं काम सरळ आहे. चार आणि सात या संख्यांसाठी हवे तसे चौरस मिळतात, तेही असे की कर्णावर प्रत्येक सदस्य आपल्याच जागी बसतो. मोठ्या चौरसातल्या कुठल्याही घरासाठी, त्याची ओळ आणि स्तंभ ज्या एका गटात येतात, त्या गटाचा छोटा चौरस वापरायचा. कर्णावरच्या घरात तो तो सदस्य. बावीसचा चौरस उभा राहिला, १७७ वर्षांचा अंदाज कोसळला.

अमेरिकी गणिती अर्नेस्ट पार्कर यांच्या आधीच्या कामातून या दोघांना दिशा मिळाली होती. नंतर पार्कर यांनी दहाचा चौरस रचला आणि तिघांनी मिळून सिद्ध केलं, की दोन आणि सहा सोडल्यास ऑयलरने नाकारलेल्या सगळ्या संख्यांसाठी हे जमतं. एप्रिल १९५९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

माझ्या मते या माणसाची पक्की ओळख त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका शोधनिबंधात आहे, ज्यात चौकशी इतकीच होती: काही आकडे दिले, तर रचना एकच निघते का? चार बाय चारच्या बुद्धिबळाच्या पटावर हत्ती एका चालीत जिथे जिथे जाऊ शकतो ती घरं रेषांनी जोडा. बिंदू आणि रेषांच्या अशा रचनेला आलेख म्हणतात. सोळा बिंदू, प्रत्येकाला सहा शेजारी, आणि कुठल्याही दोन बिंदूंना दोन सामाईक शेजारी. श्रीखंडे यांनी दाखवलं, की याच आकड्यांची आणखी एक, अगदी वेगळी रचना आहे, आणि असा अपवाद फक्त चारच्या पटावरच घडतो. हत्तीच्या आलेखात एका बिंदूचे सहा शेजारी दोन त्रिकोणांत विभागले जातात. दुसऱ्यात ते षटकोन करून बसतात. तो 'श्रीखंडे आलेख'. दोन आलेख एकच आहेत का, हे संगणकाकडून ओळखून घेण्याच्या पद्धती आज तपासल्या जातात, तेव्हा ही जोडी हमखास पुढे ठेवतात, कारण शेजाऱ्यांची नुसती मोजदाद करणाऱ्या पद्धती इथे फसतात.