मोडणाऱ्या यंत्रावर काम तडीस नेताना

अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला हा 'फ्रंटियर' महासंगणक. यात ९,४०० हून जास्त नोड आहेत, म्हणजे तितके ताकदवान संगणक एकमेकांना जोडलेले. समजा, एक नोड दहा वर्षांत एकदाच बंद पडतो. तरी हिशेब केला तर साधारण दर नऊ तासांनी यातला कुठला ना कुठला नोड बसणार. आणि एकच मोठं गणित सगळ्यांवर पसरलेलं असेल, तर एक बसला की सगळंच अडतं.

म्हणून मधूनमधून कामाची पूर्ण स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात. हा चेकपॉइंट. बिघाड झाला, की तिथून पुढे.

पण किती वेळाने? इथे अंदाजपंचे चालत नाही. १९७४ मध्ये जॉन यंग यांनी सूत्र मांडलं. चेकपॉइंटला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार करा, तो दुप्पट करा, त्याचं वर्गमूळ घ्या.

चेकपॉइंटला ५ मिनिटं लागतात आणि दिवसातून एकदा बिघाड होतो असं धरू. ५ गुणिले १,४४० (दिवसाची मिनिटं), त्याची दुप्पट १४,४००, वर्गमूळ १२० मिनिटं. म्हणजे दर दोन तासांनी. मग दिवसाकाठी चेकपॉइंट लिहिण्यात सुमारे एक तास जातो, आणि बिघाडात वाया गेलेलं काम पुन्हा करण्यातही सरासरी एक तास. दोन्ही नुकसानं समसमान होतात, तिथेच एकूण नुकसान सर्वांत कमी. किती सुंदर आहे हे! दर दहा मिनिटांच्या कामामागे चेकपॉइंट घेतला असता, तर दिवसाचा तिसरा हिस्सा नुसता लिहिण्यातच गेला असता.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' महासंगणक आला. हवामानाच्या गणितात उशीर परवडत नाही. पाऊस पडून गेल्यावर आलेला अंदाज कुणाच्या कामाचा?

पण खरी भीती वेगळीच आहे. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे मेमरीतला एखादा बिट उलटतो, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० होतो. यंत्र थांबत नाही, फक्त उत्तर चुकत जातं, आणि ती चूक चेकपॉइंटमध्येही उतरते. म्हणून आधी तपासणी, मग चेकपॉइंट. हवामानाच्या गणितात कोरड्या हवेचं एकूण वस्तुमान बदलायला नको. बदललं, तर कुठेतरी बिनसलंय. अशी तपासणी चेकपॉइंटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, त्यामुळे दोन चेकपॉइंटच्या मधेही ती अनेकदा करता येते. आणि नवी प्रत तपासणीत उतरेपर्यंत जुनी पुसायची नाही.