हे काम संगणकाचं

श्रोतेहो, नमस्कार.

फॉर्ममध्ये फोन नंबर भरताना मधे एखादी जागा सुटली, की खाली लाल अक्षरांत उमटतं, 'अमान्य क्रमांक'. का अमान्य, ते लिहिलेलं नसतं. माणूस आकडे पुन्हा वाचून बघतो. आकडे बरोबर असतात. पुन्हा तसाच टाइप करतो, पुन्हा लाल अक्षरं. शेवटी शेजारचं कुणीतरी सांगतं, अहो, मधली मोकळी जागा काढा. आता, आकड्यांमधल्या मोकळ्या जागा गाळून टाकणं हे संगणकाला एका ओळीचं काम आहे. ती ओळ कुणी लिहिली नाही म्हणून हजारो माणसं रोज ते काम हातानं करतात, आणि वर 'मला या कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही' असं म्हणून दोष स्वतःकडेच घेतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आपण रोज कट, कॉपी, पेस्ट करतो ना, ती सोय रूढ करणाऱ्यांत लॅरी टेस्लर हे मोठं नाव. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ते काम करत होते. ते म्हणत, प्रत्येक कामात थोडीफार गुंतागुंत असतेच. ती नाहीशी करता येत नाही, ती कुणाच्या तरी गळ्यात पडतेच. प्रोग्रॅमरनं आठवडाभर जास्त खपायचं, की लाखो लोकांनी प्रत्येकी एकेक मिनिट वाया घालवायचं, एवढंच आपल्या हातात. माझा सगळा दिवस प्रोग्रॅमिंगच्याच व्यवसायात जातो, म्हणून सांगतो, बहुतेक वेळा लोकांची मिनिटंच वाया जातात. प्रोग्रॅमरच्या आठवड्याचा पगार हिशेबात दिसतो. लोकांची मिनिटं कुणाच्याच वहीत चढत नाहीत.

एकदा ही नजर आली, की जिथंतिथं हेच दिसायला लागतं. जन्मतारीख विचारायची आणि पुढच्या पानावर वयही विचारायचं. वजाबाकी कुणी करायची? काही माणसांना एकच नाव असतं, आडनाव नसतंच, पण आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मग लोक तिथं टिंब देतात, आणि पुढं त्या टिंबाचं निस्तरणं आणखी कुणाच्या तरी वाट्याला येतं. एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा भरायला लावू नये, हे तर आता वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना वेबसाइट वापरता याव्यात यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांतही आलं आहे. ऑक्टोबर २०२३ मधल्या आवृत्तीत. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट बंद ठेवतात, तेही सुरक्षेच्या नावाखाली. अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शनात पेस्ट चालू द्या असं सांगितलं, शिवाय दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा आग्रहही सोडा म्हटलं. तरी तो हट्ट जागोजागी चालूच आहे.

'वापरणाऱ्याची चूक' हा शेरा संगणकाच्याही आधीचा. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची, आणि मग धावपट्टीवरच वैमानिक पंखांचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटण्याऐवजी चाकं मिटून टाकायचा. विमान पोटावर बसायचं. अहवालात शेरा, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही कामांच्या कळी शेजारीशेजारी आणि दिसायला सारख्या. त्यानं चाकांच्या कळीला चाकाच्या आकाराची मूठ बसवली आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखी. मग अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला. चाकाच्या आकाराची ती मूठ आजच्या प्रवासी विमानांतही आहे. पडद्यावर 'जतन करा' आणि 'काढून टाका' ही बटणं एकाच रंगाची, एकाच मापाची, एकमेकांना चिकटून ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

दुसरा प्रसंग याहून गंभीर. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुऊर्जा केंद्र. पहाटे दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि मिटायच्या वेळी तशीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षात तिच्यासाठी एक दिवा होता. तो विझला, म्हणून चालकांना वाटलं झडप मिटली. पण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला मिटण्याचा हुकूम गेला, एवढंच तो सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीचं थंड ठेवणारं पाणी त्या झडपेतून निघून जात राहिलं आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. कारणं आणखीही होती, पण त्या दिव्याचा वाटा मोठा.

आता आपल्या मोबाइलवर या. 'तुमचा अर्ज पाठवला' अशी हिरवी पट्टी येते. म्हणजे अर्ज पलीकडे पोचला, की नुसता इथून सुटला? कित्येक ॲप सर्व्हरच्या, म्हणजे पलीकडच्या संगणकाच्या, उत्तराची वाट न बघता ती पट्टी दाखवून मोकळी होतात. हाच तो विझलेला दिवा. याच्या उलटही असतं. बटण दाबलं तरी पडद्यावर काहीच हालत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो आणि पैसे दोनदा जातात. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात काही दिसलं, तर आपण दाबल्याबरोबर झालं असं वाटतं; एक सेकंदापर्यंत विचारांची तंद्री टिकते; दहा सेकंदांनंतर मन दुसरीकडे जातं. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञानं १९९३ मध्ये मांडलेल्या या मर्यादा आजही लागू आहेत, कारण संगणक बदलले तरी डोकं तेच आहे. वेळ लागणार असेल तर लागू दे, पण काम चालू आहे हे दाखवा, आणि तोवर ते बटण निष्क्रिय करा.

'तुमची खात्री आहे का?' या खिडकीवर माझा मुळीच विश्वास नाही. दिवसातून वीस वेळा विचारलं की माणूस न वाचताच 'हो' दाबतो. त्यापेक्षा झालेलं मागं घेऊ द्यावं. जीमेलमध्ये पाठवलेली मेल परत घेता येते. ही सोय २००९ मध्ये प्रायोगिक म्हणून आली. खरं तर ती परत वगैरे येत नसते. तुम्ही 'पाठवा' म्हटल्यावर ती काही सेकंद, ठरवलंत तर तीस सेकंदांपर्यंत, इथंच थांबवून ठेवलेली असते. आपली चूक बहुधा पाठवल्या क्षणीच लक्षात येते, हे ओळखून केलेली सोय आहे ही.

रकान्यांच्या आत फिकट अक्षरांत नाव लिहायची एक फॅशन आहे. टाइप करायला लागलं की ते नाव गायब. मधेच फोन आला आणि तुम्ही परत आलात, की कुठल्या रकान्यात काय भरायचं होतं हे आठवणीवर. ज्यांना दिसत नाही त्यांचं तर विचारू नका. त्यांचा स्क्रीन रीडर पडदा वाचून दाखवतो तो कोडमध्ये लिहिलेल्या नावांवरून. नाव रकान्याशेजारी दिसत असलं, पण कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेलं नसलं, तर ऐकू येतं, 'मजकूर भरा'. पुढचा रकाना, 'मजकूर भरा'. नुसतं चित्र असलेलं बटण, 'बटण'. कसलं बटण? हे जोडायलाही एखादीच ओळ लागते.

या सगळ्या अडचणी शोधायच्या कशा? त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तुम्ही बनवलेलं ॲप किंवा फॉर्म ज्यानं पूर्वी पाहिलेला नाही असा माणूस बसवा, त्याला एक काम द्या, आणि स्वतः गप्प राहा. गप्प राहणं हेच सगळ्यात अवघड. 'अहो, ते वर उजवीकडे आहे ना' हे ओठांवर येतंच. तो कुठं थबकतो, कुठं मागं जातो, एवढं टिपून घ्या. मघाचे नील्सन आणि संशोधक लँडाउअर यांच्या गणितानुसार एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, आणि पाच जण झाले की सुमारे ८५ टक्के. आकडा काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पाचही जण तुमच्याच वयाचे, तुमच्याच कार्यालयातले असतील तर तो खोटाच ठरेल. पण पहिल्याच माणसासमोर जे उघडं पडतं, ते बैठकांत महिनोन् महिने कुणाच्या ध्यानात आलेलं नसतं.

आणि ऐकणाऱ्यांपैकी जे प्रोग्रॅमर नाहीत, त्यांनी अडल्यावर तक्रार जरूर करावी. 'साइट चालत नाही' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या पानावर होतात, काय टाइप केलंत, पडद्यावर शब्दशः काय आलं, ते लिहा; जमल्यास स्क्रीनशॉट जोडा. आणि 'माझंच काहीतरी चुकलं असेल' हे वाक्य त्यात घालू नका. ते दिसलं, की पलीकडचा माणूस तक्रार तिथंच बंद करतो.

नमस्कार.