आधी पडदा वाचा

जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा टीव्ही दुरुस्तीला समोर आला की बहुतेकांचा हात थेट व्हॉल्व्हकडे जातो. एक काढ, दुसरा लाव. माझं म्हणणं असं की निम्मा तपास पडद्याकडे नीट बघूनच होतो.

त्याआधी जिवाचं बघू. यातल्या बऱ्याच संचांत मेन्सचा, म्हणजे घरातल्या विजेचा ट्रान्सफॉर्मर नसतो. व्हॉल्व्ह तापवणारे हीटर एका साखळीत जोडलेले आणि चॅसी, म्हणजे संचाचा धातूचा सांगाडा, थेट मेन्सच्या एका तारेला. म्हणून संचाला मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही. पिक्चर ट्यूबवर दहा-पंधरा हजार व्होल्ट असतात आणि संच बंद केल्यावरही तो चार्ज टिकून राहतो.

आता समजा, पडद्याच्या मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ दिसतेय. ही बातमी चांगली आहे! ट्यूबला लागणारा विजेचा उच्च दाब लाइन आउटपुटमधूनच, म्हणजे किरण आडवा फिरवणाऱ्या विभागातूनच तयार होतो. म्हणजे तो विभाग शाबूत आहे. मेलाय तो किरण वर-खाली नेणारा फ्रेमचा विभाग. ब्राइटनेस मात्र लगेच कमी करा, नाहीतर पडद्याच्या आतला उजळणारा थर, फॉस्फर, जळेल.

आवाज आहे, पडदा काळा? मग लाइनचा विभाग चालतोय का, ते त्याच्या शिट्टीवरून ऐका. ६२५ रेघांच्या संचात ती १५,६२५ हर्ट्झची असते. वय झालेल्या कानांवर इथे भरवसा ठेवू नये, घरातल्या एखाद्या पोराला बोलवावं.

ब्राइटनेस वाढवला की चित्र फुगतं आणि अंधुक होतं, तेव्हा उच्च दाबाचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) थकलेला असण्याची शक्यता मोठी. दाब पडला की इलेक्ट्रॉन मंदावतात आणि तेवढ्याच चुंबकीय क्षेत्रात जास्त वळतात.

सगळ्यात चकवणारा दोष म्हणजे खालच्या बाजूला दबलेलं किंवा दुमडलेलं चित्र. लोक फ्रेम आउटपुट व्हॉल्व्ह बदलतात, थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच. गुन्हेगार बहुधा त्याच्या ग्रिडकडे, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह काबूत ठेवणाऱ्या जाळीकडे, सिग्नल नेणारा आणि डीसी अडवणारा मेणकागदी कपॅसिटर असतो. त्यातून १ मायक्रोअँपिअर जरी गळला, तरी १ मेगाओमच्या ग्रिड रेझिस्टरवर १ व्होल्ट उभा राहतो आणि व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे ग्रिडवरचा ठरलेला दाब, बिघडतो. साध्या मल्टिमीटरला ही गळती दिसत नाही, कारण त्याची बॅटरी काही व्होल्टची आणि कपॅसिटरवर प्रत्यक्षात दोनशे. त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवा, संच चालू करा आणि त्या मोकळ्या टोकावर डीसी येतो का बघा. आला तर कपॅसिटर फेकून द्या. त्याच व्हॉल्व्हच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला तरी चित्र असंच दबतं, त्यामुळे तोही तपासावा.

चेहऱ्यांवर चंदेरी झाक, चित्र उजळायला पाच-दहा मिनिटं, म्हणजे ट्यूब क्षीण झाली असं सगळे सांगतील. तसं असूही शकतं. पण आधी तिच्या हीटरवरचा व्होल्टेज मोजा. साखळीत करंट कमी पडत असेल तर चांगली ट्यूबही अशीच दिसते.