शाळेच्या पँटची टीप

श्रोतेहो, नमस्कार.

एका पँटपासून सुरुवात करते. शाळेची निळी पँट. मुलगा पाचवीत गेला तेव्हा आईनं वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेतली आणि खालून चार बोटं दुमडून टीप घातली. सातवी अर्धी झाली तरी ती टीप उसवावी लागली नाही. माझ्या दवाखान्यात आई आली होती ती त्याच्या पोटदुखीसाठी. "अधूनमधून दुखतं, जंताचं औषध दोनदा दिलंय," म्हणाली. मी विचारलं, कपडे आखूड होतात का याचे? तेव्हा ही पँट निघाली.

त्याला क्रोन्स होता. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा आतड्यावरच उलटते आणि आतडं सुजतं. त्याचा भाऊबंद म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो फक्त मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात असतो. मोठ्या माणसांत बरेचदा खालच्या भागापुरता राहतो, मुलांमध्ये मात्र निदान होतं तेव्हाच बहुधा सगळं मोठं आतडं व्यापलेलं असतं. पण शौचातून रक्त पडतं, म्हणून घरचे लवकर धावपळ करतात.

क्रोन्स लबाड. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो कोपरा त्याचा विशेष आवडता. कित्येक मुलांत जुलाब नसतातच. पोट बोलण्याआधी उंची थांबते. दुखतं म्हणून मूल कमी खातं, खाल्लेलं नीट अंगी लागत नाही, हे झालंच. शिवाय सुजेतून रक्तात उतरणारी द्रव्यं वाढीच्या संप्रेरकाचं काम अडवतात. संप्रेरकाचा निरोप यकृतापर्यंत पोचतो, पण यकृत दाद देत नाही. वयात येणं लांबतं. हाडांची टोकं एकदा जुळली की राहिलेली उंची भरून काढता येत नाही, म्हणून मुलांच्या बाबतीत आम्हाला घाई असते.

पुढं काय होतं? आधी नुसती सूज. ती धुमसत राहिली तर व्रण भरताना आतडं आकसतं, जेवल्यावर कळ येते, उलट्या होतात. काही मुलांत सूज आतड्याची भिंत भेदून आरपार जाते. गळू होतं, भगंदर होतं. ही वाट सरळ नसते. मधले काही महिने अगदी छान जातात, आणि तिथंच घरचे फसतात.

आपल्याकडं आणखी एक गुंता आहे, आतड्याचा क्षयरोग. तोच कोपरा, तोच बारीक ताप, तसंच घटणारं वजन. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तपासूनही कधीकधी उलगडा होत नाही. मग क्षयाची औषधं देऊन दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. डॉक्टर चाचपडताहेत असं वाटेल, पण क्षय असताना स्टिरॉइड देऊन बसलो तर तो भडकतो.

आमच्या मुलाला सहा आठवडे फक्त औषधी पेय दिलं. पोळी नाही, भात नाही. मुलांच्या क्रोन्समध्ये हा उपाय सूज उतरवायला स्टिरॉइडच्या तोडीचा आहे, आणि वाढीला मारक नाही. चौथ्या आठवड्यात गणपती आले. पठ्ठ्यानं आजीशेजारी बसून एकवीस मोदक वळले, एकही तोंडात टाकला नाही. (मला जमलं नसतं.) नंतर अझाथायोप्रिन, म्हणजे संरक्षणयंत्रणेला आवर घालणारं औषध, आणि ते पुरेना तेव्हा दर आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब या सूज अडवणाऱ्या औषधाचं सलाइन.

मूल रात्री झोपेतून उठून शौचाला जात असेल, त्या जागी गळू किंवा भेग वारंवार होत असेल, तोंड सतत येत असेल, सांधे धरत असतील, तर दाखवा. काही नसलं तरी दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करा. शाळकरी मूल वयात येण्याआधी वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. खुणा एकमेकींवर चढू लागल्या तर त्या आकड्यांसकट डॉक्टरांकडे या.

तो मुलगा आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात त्याच्या शौचाच्या तपासणीत कॅल्प्रोटेक्टिन वाढलेलं आलं, म्हणजे आत सूज परत आहे. "पण मला काहीच होत नाहीये," तो वैतागून म्हणाला. खरंच होत नाहीये. सलाइन आता सहा आठवड्यांवर आणलंय, आणि पूर्वपरीक्षा संपली की दुर्बिणीसाठी बोलावलंय.