मस्टरमध्ये नसलेली खूण

नमस्कार श्रोतेहो.

जुलै महिन्यातली सोमवारची सकाळ. मी तेव्हा चाकणच्या बाजूला एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळत होतो. पहिली पाळी सातची. साडेनऊच्या सुमारास गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला, "साहेब, पेंट शॉपचा एक मुलगा आलाय, दोन तासांच्या वर उशीर आहे, आत सोडू का?" नियमाप्रमाणे सोडायचं नव्हतं. तरी मी गेटवर गेलो.

तो मोटरसायकलला टेकून उभा होता. बूट घोट्यापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेले, पँट ओली. ओळखपत्र दाखवायला त्याने हात पुढे केला तेव्हा दिसलं, दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. दोर सरकला की निघते तशी. "साहेब, रात्रभर दरीत होतो," एवढंच म्हणाला.

रविवारी दुपारी एका गडाच्या कड्यावरून एक पोरगा घसरला होता. संध्याकाळी पाचला रेस्क्यूच्या ग्रुपवर मेसेज आला. आठला हा आणि त्याचं पथक पायथ्याला, एक वाजता जखमी सापडला, चारला स्ट्रेचर वर आला, सहाला सगळे खाली. पोरगा जिवंत होता. आणि हा तिथून गाडीला किक मारून सरळ कंपनीत आला होता.

मी काय केलं? त्याला परत पाठवलं. मस्टरवर त्याच्या नावापुढे 'ए' लिहिला. म्हणजे खाडा. त्या दिवसाचा पगार गेला आणि महिन्यात एक खाडा पडला म्हणून हजेरी बोनसही गेला. तो काही बोलला नाही. "चालतंय साहेब," म्हणाला आणि गाडी वळवून गेला. मी नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं, पण हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

श्रोतेहो, मस्टरमध्ये किती खुणा असतात ते मला पाठ आहे. हजर असला की पी, गैरहजर की ए. नैमित्तिक रजा सीएल, आजारपणाची एसएल, हक्काची पीएल, साप्ताहिक सुट्टी, सणाची सुट्टी, बदली सुट्टी. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यानुसार वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, हा हिशेब मी वर्षानुवर्षं केला. पण एखादा माणूस दुसऱ्याचा जीव वाचवायला गेला म्हणून आज नाही, यासाठी माझ्याकडे खूणच नव्हती. आजही बहुतेक खासगी कंपन्यांच्या मस्टरमध्ये ती नाही. मी आज बोलायला आलोय ते एवढ्या एका खुणेसाठी.

ही मुलं कोण असतात? खोपोली, लोणावळा, महाबळेश्वर, महाड, कर्जत, नाशिक या भागांत गिर्यारोहकांची पथकं आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे पुरात बोटी काढणारे तरुण आहेत. कोणी आयटीआय करून कारखान्यात लागलेला, कोणी बँकेत, कोणाचं मोबाइलचं दुकान, कोणी शाळेत शिक्षक. दोर, कमरेला बांधायचे पट्टे म्हणजे हार्नेस, दोरात अडकवायच्या कड्या म्हणजे कॅराबिनर, हे बऱ्याचदा वर्गणीतून घेतलेले. या कामाचा पगार कोणालाच नसतो.

सरकारी दलं असताना यांची गरज काय, असं कोणी विचारेल. एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. राज्याच्या तशाच दलाच्या, एसडीआरएफच्या, तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. ते जवान अतिशय तयारीचे असतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण रायगडातल्या एखाद्या वाडीवर रात्री दरड आली तर तिथे पहिल्यांदा पोचतो तो खालच्या गावचा आणि शेजारच्या तालुक्यातला माणूस. त्याला वाट माहीत असते. पावसाळ्यात सह्याद्रीत धुकं असं उतरतं की हेलिकॉप्टर कामाला येत नाही. मग जखमी माणूस खांद्यावरच खाली आणायचा. एका वेळी स्ट्रेचरला सहा-आठ जण लागतात. निसरड्या पायवाटेवर थोड्या थोड्या वेळाने खांदा बदलावा लागतो, म्हणजे एका जखमीमागे पंधरा-वीस माणसं हवीत. त्यांतली पाच जण कामावरून सुटू शकली नाहीत, तर वेळ तेवढा लांबतो. रक्त जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो वेळ काय करतो, हे मी सांगायला नको.

आता वेळेचंच बघा. ट्रेकचे अपघात शनिवार-रविवारी होतात, शोध रात्रभर चालतो आणि सोमवारी पहिली पाळी असते. मोठ्या दुर्घटनांना तर वारही नसतो. माळीण दरडीखाली गेलं ते ३० जुलै २०१४ ला, बुधवारी. तळीये २२ जुलै २०२१ ला, गुरुवारी, आणि त्याच दिवशी चिपळूण, महाड पाण्याखाली होतं. आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली तो २८ जुलै २०१८ चा शनिवार होता. बसमधला एकच जण वाचला. बाकीच्यांना त्या दरीतून दोरांवर वर काढताना दुसरा दिवस उजाडला आणि दोर ओढणाऱ्यांत स्थानिक ट्रेकर होते.

इर्शाळवाडीची रात्र १९ जुलै २०२३ ची. खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या पोटातली ठाकर वाडी. गाडीरस्ता नाही, त्यामुळे जेसीबी वर जाऊ शकत नव्हता. खालून निसरड्या चिखलातून तास-दीड तास चढायचं आणि मग फावड्या-घमेल्यांनी, हातांनी माती उपसायची. त्या चढणीवरच मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका जवानाचा हृदयविकाराने जीव गेला. चार दिवस शोध चालला. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली आणि शोध थांबला. त्या चार दिवसांतले दोन, गुरुवार आणि शुक्रवार, सगळ्या कारखान्यांच्या मस्टरवर कामाचे दिवस होते. वर माती उपसणाऱ्या किती जणांच्या नावापुढे त्या दोन दिवशी खाडा पडला असेल?

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढेच आहे. त्या सोमवारनंतर आमचा तो मुलगा शहाणा झाला. पुढच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "साहेब, ताप आहे, आज येत नाही." आवाजात ताप नव्हता, दमणूक होती. मी एसएल मांडली. पण एका चांगल्या माणसाला, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केल्याच्या दिवशी, आमच्या नियमाने खोटं बोलायला लावलं. अशी मुलं मी पुढेही पाहिली. कोणाचं पोट बिघडायचं, कोणाची गावाकडची आजी आजारी पडायची. दरी म्हणायचं नाही, हे सगळ्यांना कळलेलं होतं.

सरकारी नोकरीत थोडी वाट आहे. होमगार्ड ही संघटना आपल्याच मुंबईत ६ डिसेंबर १९४६ ला उभी राहिली, आणि होमगार्ड म्हणून बोलावणं आलं तर केंद्राच्या कर्मचाऱ्याला विशेष नैमित्तिक रजेची सोय आहे. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनने मान्यता दिलेल्या गिर्यारोहण मोहिमेलाही वर्षाला तीस दिवसांपर्यंत अशी रजा मिळते. चांगलीच गोष्ट आहे. शिखर चढायला रजा द्यावी हे सरकारला पटलं आहे. मग दरीत उतरून माणूस वर आणणाऱ्या खासगी कामगाराला ती का नसावी?

आणि भरपगारी सुट्टी खासगी मालकाला कायद्याने सांगता येत नाही, असंही नाही. मतदानाच्या दिवशी काय होतं? लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-ब आलं. मतदाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, पगार कापायचा नाही. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, मग अंगवळणी पडलं. आज मतदानाच्या दिवशी पगार कापावा असं कोणाच्या मनातही येत नाही.

बाहेरच्या देशांत हे काम दोन तऱ्हांनी झालंय. जर्मनीत टेक्निशेस हिल्फ्सवेर्क, थोडक्यात टीएचडब्ल्यू, नावाची आपत्ती निवारणाची केंद्रीय संस्था आहे. १९५० साली स्थापन झाली. ऐंशी हजारांहून अधिक स्वयंसेवक, पगारी माणसं अगदी मोजकी. सुतार, वेल्डर, क्रेनवाला, इंजिनिअर, सगळे आपापल्या नोकऱ्या करणारे. बोलावणं आलं की मालकाने त्याला सोडायचं आणि पगार चालू ठेवायचा, असं त्यांच्या कायद्यातच आहे. पण तो कायदा तिथे थांबत नाही. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त किंवा दोन आठवड्यांत मिळून सात तासांपेक्षा जास्त काम बुडलं, तर खासगी मालकाला तो पगार अर्ज केल्यावर सरकारकडून परत मिळतो. २०२१ च्या जुलैत, आपल्याकडे तळीये-चिपळूण झालं त्याच्या आदल्याच आठवड्यात, जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. तिथे ही माणसं पुढे किती तरी महिने पूल बांधत, पाणी उपसत होती. घरचा हप्ता कसा भरायचा हा प्रश्न त्यांच्या डोक्यावर नव्हता.

ऑस्ट्रेलियात दुसरी तऱ्हा. तिथल्या २००९ च्या फेअर वर्क कायद्याने वणवा-पुरासाठी जाणाऱ्या स्वयंसेवकाची नोकरी सुरक्षित ठेवली, पगाराची सक्ती मात्र केली नाही. २०१९ च्या अखेरीला न्यू साउथ वेल्समध्ये वणवे पेटले आणि आठवडेच्या आठवडे विझेनात, तेव्हा हे तोकडं पडलं. नाताळाच्या सुमारास केंद्र सरकारला घोषणा करावी लागली. आपल्या कर्मचाऱ्यांना किमान वीस दिवस भरपगारी रजा, आणि लहान-मध्यम धंद्यांत काम करणाऱ्या किंवा स्वतःचा धंदा असलेल्या ज्या स्वयंसेवकांचे दहापेक्षा जास्त दिवस गेले, त्यांना दिवसाला ३०० डॉलर, जास्तीत जास्त ६,००० डॉलर. मदत झाली, पण आग लागल्यावर विहीर खणल्यासारखी. माझं मत जर्मनीच्या बाजूने आहे.

याचं कारण मला मालकाचीही बाजू माहीत आहे. भोसरीतल्या आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये एक टर्नर गेला की एक लेथ बंद. ऑर्डर संध्याकाळी द्यायची असते. त्या मालकाचं मन मोठं असलं तरी गल्ला मोठा नसतो. त्याला नुसतं "रजा द्या" म्हणणं अन्याय होईल. तो पगार सरकारने भरून द्यावा. हजारो कोटींच्या आपत्ती निधीत ही रक्कम चिमूटभर ठरेल.

दुसरी शंका नेहमी येते, उद्या कोणीही उठेल आणि रेस्क्यूला गेलो होतो म्हणेल. मी एवढी वर्षं खोटी मेडिकल सर्टिफिकेटं पाहिली आहेत, म्हणून खात्रीने सांगतो, यात खोटं बोलणं सगळ्यात अवघड. प्रत्येक मोहिमेत पोलीस असतात, पंचनामा होतो, तहसीलच्या आपत्ती कक्षात नोंद असते. पथकप्रमुखाची सही आणि तहसील किंवा पोलीस ठाण्याचा शिक्का असलेला अर्ध्या पानाचा दाखला पुरे. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं. म्हणजे याद्याही आहेत. बारा दिवस शिकवून ज्याला तयार केला, तो ऐन वेळी कामावरून सुटणार कसा, एवढंच पुढे लिहायचं राहिलं.

एक गोष्ट मात्र कोणी विसरू नये, आणि ती मी शॉप फ्लोअरवर पाहून सांगतोय. रजा फक्त मोहिमेच्या तासांची धरू नका. रात्रभर दोर ओढलेला माणूस सकाळी पॉवर प्रेसवर उभा केला तर त्याची बोटं जातात. डुलकी एका सेकंदाची असते, प्रेसला तेवढा पुरतो. त्या सोमवारी मी त्याला गेटवरून परत पाठवलं ते एका अर्थी बरंच झालं, त्याला झोपेची गरज होती. फक्त ती झोप पगारी असायला हवी होती. आणि मोहिमेत प्रेत काढलं असेल, त्यातही लहान मूल असेल, तर दुसऱ्या दिवशी हात कामाला लागत नाहीत. त्यासाठीही एक दिवस असू द्या.

कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांचं काय, हा प्रश्न मला रात्री छळतो. त्यांना सीएलच धड मिळत नाही. पथकांत तीच मुलं जास्त, तरणी आणि काटक. जी तरतूद होईल ती त्यांना धरून व्हावी. नाहीतर पर्मनंट माणसाला शाबासकी आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला उद्यापासून येऊ नको, असं होईल.

कायदा व्हायचा तेव्हा होवो. माझ्या श्रोत्यांत कोणी टाइम ऑफिसात असाल, एचआरमध्ये असाल, कोणाचं स्वतःचं युनिट असेल, त्यांना मुंबईच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. आम्ही शेवटी तेच केलं. मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी, युनियनच्या कमिटीपुढे आणि मॅनेजमेंटपुढे एकच ओळ ठेवली होती: मान्य पथकातल्या कामगाराला वर्षाला सहा दिवस भरपगारी बचाव रजा, हजेरी बोनसला धक्का न लावता, दाखला आठ दिवसांत दिला तरी चालेल. अर्ध्या तासात मंजूर झाली. इतकी वर्षं ती कोणी मागितलीच नव्हती.

मस्टरसाठी नवी खूण ठरवायची होती. बचावचा 'ब' घेतला. पहिला 'ब' त्याच मुलाच्या नावापुढे पडला, ऑगस्टमधल्या एका मंगळवारी. सकाळी सव्वासहाला त्याचा फोन आला होता. मागे पावसाचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज. म्हणाला, "साहेब, दरीत आहे. आज येत नाही."

नमस्कार.